हिशोबाच्या शर्यतींचा हंगाम

२०२३ च्या जूनमध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीला शंभर वर्षं होत होती. शर्यत दीडेक आठवड्यावर आली असताना एक कोष्टक जाहीर झालं. एका रकान्यात गाड्यांची नावं, पुढे किलोंचे आकडे. टोयोटाने ३७ किलो जादा वजन घेऊन धावायचं, फेरारीने २४, कॅडिलॅकने ११, पोर्शने ३. त्या हंगामातल्या सेब्रिंग, पोर्तिमाव आणि स्पा या आधीच्या तिन्ही शर्यती टोयोटाने मारल्या होत्या. गाड्यांमधला फरक वजन आणि ताकद कमी-जास्त करून भरून काढायच्या या पद्धतीला ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ म्हणतात. पॅडॉकमध्ये नुसतं बीओपी. त्याबद्दल टीमने जाहीरपणे काही बोलायचं नाही, असंही नियमावलीतच लिहिलेलं आहे. ११ जूनला दुपारी चार वाजता फेरारीची ५१ क्रमांकाची गाडी ३४२ फेऱ्या पुऱ्या करून पहिली आली. टोयोटा दुसरी, १ मिनिट २१ सेकंद मागे. फेरारीने तिथे याआधी बाजी मारली होती ती १९६५ मध्ये.

पुष्कळांनी नाकं मुरडली. जी गाडी वेगवान तिने जिंकावं, मध्ये वजनकाटा कशाला? हा आक्षेप मला पटत नाही. या खेळाचं घराणं मागे मागे शोधत गेलं की असं कोष्टक कुठल्या ना कुठल्या रूपात अगदी पहिल्या वर्षापासून भेटतं. स्पोर्ट्स कारच्या एन्ड्युरन्स रेसिंगचा हंगाम नुसत्या वेगाच्या वेडातून आलेला नाही. लहान-मोठ्या, एकमेकींशी काडीचं साम्य नसलेल्या गाड्यांना एकाच रस्त्यावर आणि एकाच हिशोबात कसं बसवायचं, या प्रश्नातून तो आला. त्या हिशोबावरच तो जगला. आणि जेव्हा सगळ्यांना एकाच मापाचं इंजिन लावून हिशोबाची कटकट संपवायचं ठरलं, तेव्हा दोन वर्षांत तो मेला.

आजचा हंगाम कागदावर सुटसुटीत दिसतो. एफआयए वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप, म्हणजे डब्ल्यूईसी, २०२४ मध्ये आठ ठिकाणी झाली: कतार, इमोला, स्पा, ल माँ, साओ पाउलो, ऑस्टिन, फुजी आणि बहरीन. बहुतेक शर्यती सहा तासांच्या. ल माँ चोवीस तासांची आणि तिथले गुण दुप्पट. गाडी एक आणि ड्रायव्हर दोन किंवा तीन, पाळीपाळीने. त्याच ट्रॅकवर त्याच वेळी दोन वर्ग धावतात: शर्यतीसाठीच बांधलेल्या हायपरकार, आणि शोरूममधल्या गाड्यांवर बेतलेल्या जीटी-३. वेगवान गाडीचा निम्मा कस हळू गाड्यांना जिवाचा धोका न होता ओलांडण्यात लागतो. आपल्याकडे ल माँ सुरू होते शनिवारी संध्याकाळी साडेसातला, मृगाच्या पावसात. रविवारी सकाळी साडेसातला आपण चहा घेतो तेव्हा तिथे पहाटेचे चार वाजलेले असतात, ड्रायव्हर अंधारात ताशी तीनशेच्या वेगाने जात असतात आणि अर्धी शर्यत अजून बाकी असते.

या सगळ्याचा मूळपुरुष १९२२ च्या पॅरिस मोटर शोमध्ये सापडतो. पश्चिम फ्रान्समधल्या मोटर क्लबचे, म्हणजे एसीओचे, सचिव जॉर्ज द्युराँ, पत्रकार शार्ल फारू आणि रज-व्हिटवर्थ या चाकं बनवणाऱ्या कंपनीच्या फ्रान्समधल्या शाखेचे एमिल कोकी या तिघांनी मिळून शर्यत आखली. त्या काळी मोटारी दिवसा बऱ्यापैकी पळत. रात्री मात्र दिवे आणि विजेची यंत्रणा कधी दगा देईल याचा नेम नसे. म्हणून रात्र अंगावर घेणारी शर्यत. २६ मे १९२३ ला दुपारी ती सुटली तेव्हा गारांचा पाऊस पडत होता. रस्ते सार्वजनिक, एका फेरीची लांबी १७ किलोमीटरहून जास्त, आणि रात्री वळणं दिसावीत म्हणून लष्कराने लावलेले ॲसिटिलीनचे दिवे.

इथे एक गोष्ट आज विलक्षण वाटते. त्या शर्यतीला त्या वर्षीचा विजेता असणं अपेक्षितच नव्हतं. रज-व्हिटवर्थ चषक तीन वर्षांचा होता, १९२३ ते १९२५. प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे चोवीस तासांत कापायचं किमान अंतर ठरवून दिलेलं; मोठ्या इंजिनाला जास्त, लहानाला कमी. ते पूर्ण केलं की पुढच्या वर्षी यायची पात्रता. स्पर्धा दुसऱ्या गाडीशी नव्हती, स्वतःला नेमून दिलेल्या आकड्याशी होती. आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांच्या शनार-वॉकेरने २,२०९ किलोमीटर कापले, सर्वांत जास्त, आणि लोकांनी त्यांनाच विजेते ठरवून टाकलं. सुटलेल्या ३३ गाड्यांपैकी ३० शेवटपर्यंत टिकल्या. वर्षाच्या सीमा ओलांडून चालणाऱ्या हिशोबाची, म्हणजे पुढे ज्याला हंगाम म्हणू लागले त्याची, पहिली कल्पना मला या तीन वर्षांच्या चषकात दिसते.

नियम तर एकाहून एक कडक. मोठ्या गाड्यांना चार आसनं हवीतच, आणि रिकाम्या आसनांवर माणसांऐवजी दर आसनी ६० किलो वजन ठेवून धावायचं. दुरुस्ती ड्रायव्हरने स्वतः करायची, गाडीत असलेल्या हत्यारांनी. १९२४ मध्ये आणखी एक भर: सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर थांबून कापडी टप चढवायचा आणि ठरलेल्या फेऱ्या तो चढवलेला ठेवूनच पळायच्या, म्हणजे टपाची शिवण किती पक्की हेही कळेल. पहिल्या वर्षी जॉन डफ आणि फ्रँक क्लेमेंट यांच्या बेंटलीच्या टाकीला दगड लागून भोक पडलं. डफ धावत पिटमध्ये आला. क्लेमेंटने एक सायकल मिळवली, इंधनाचे डबे घेऊन तो शर्यतीच्या उलट्या दिशेने गाडीपर्यंत गेला, भोकाला बूच ठोकलं, इंधन ओतलं आणि गाडी सुरू केली. पुढच्या वर्षी हीच जोडी बेंटली घेऊन आली आणि जिंकली. एन्ड्युरन्स म्हणजे काय, हे त्या सायकलवरच्या माणसाइतकं कुणी नीट दाखवलेलं नाही.

तसलाच हिशोब अटलांटिक ओलांडून फ्लोरिडात पोचला. सेब्रिंगजवळ दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांच्या वैमानिकांना शिकवण्यासाठी बांधलेला हेंड्रिक्स विमानतळ होता. रशियात जन्मलेले विमान-अभियंते ॲलेक उलमन यांना त्या काँक्रीटच्या धावपट्ट्यांवर शर्यतीचा ट्रॅक दिसला. ३१ डिसेंबर १९५० ला तिथे पहिली सहा तासांची शर्यत झाली, इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे हँडिकॅप लावून. ती कुणी जिंकावी? पाऊण लिटरसुद्धा इंजिन नसलेल्या क्रॉस्ली हॉट शॉट नावाच्या चिमुकल्या गाडीने. एक जण शर्यत बघायला ती स्वतः चालवत आला होता. कुणीतरी हिशोब मांडून पाहिला, हिला संधी आहे म्हणाला, आणि गाडी शर्यतीत उतरली. सेब्रिंगचा ट्रॅक आजही त्या काँक्रीटच्या सांध्यांवरून दाणदाण आपटत जातो. पुढे बारा तासांच्या झालेल्या तिथल्या शर्यतीत टिकलेली गाडी कुठेही टिकते, असं मेकॅनिक म्हणतात.

मग १९५३. मोटार शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या एफआयएने विखुरलेल्या मोठ्या शर्यती एका माळेत ओवल्या आणि जागतिक स्पोर्ट्स कार अजिंक्यपद सुरू केलं. ८ मार्चला सेब्रिंगला माळेचा पहिला मणी, मग इटलीतली मिल्ले मिलिया, ल माँ, स्पाचे चोवीस तास, न्युरबुर्गरिंगचे १००० किलोमीटर, उत्तर आयर्लंडमधल्या डनड्रॉडची टुरिस्ट ट्रॉफी आणि शेवटी मेक्सिकोची तीन हजार किलोमीटरहून लांब कॅरेरा पानामेरिकाना. सात शर्यती आणि सातांची जात वेगळी: विमानतळ, डोंगर, जंगल, अख्ख्या देशाचा हमरस्ता. अजिंक्यपद ड्रायव्हरचं नव्हतं, कंपनीचं होतं, आणि एका कंपनीच्या कितीही गाड्या असल्या तरी सर्वांत पुढच्या एकीलाच गुण. पाच वेगवेगळ्या कंपन्यांनी सात शर्यती वाटून घेतल्या. सेब्रिंग अमेरिकन कनिंगहॅमने, ल माँ जॅग्वारने (डिस्क ब्रेकच्या जोरावर, जे तेव्हा नवलाचे होते), टुरिस्ट ट्रॉफी ॲस्टन मार्टिनने, मेक्सिको लान्चियाने. उरलेल्या तीन फेरारीने, आणि पहिलं अजिंक्यपदही फेरारीकडेच गेलं. ड्रायव्हरांसाठी वेगळं जागतिक पद यायला १९८१ उजाडलं. खेळाचा स्वभाव यातून कळतो.

त्या माळेत सौंदर्य होतं आणि मरणही होतं. ११ जून १९५५ ला ल माँच्या पिटसमोर माइक हॉथॉर्नची जॅग्वार थांबायला वळली, तिला चुकवायला लान्स मॅकलिनची ऑस्टिन-हीली बाजूला सरली, आणि मागून आलेली पिएर लव्हेघची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत फुटली. ऐंशीहून अधिक माणसं गेली, लव्हेघसुद्धा. शर्यत थांबवली नाही. मर्सिडीजने आघाडीवर असताना मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. त्या हंगामातल्या न्युरबुर्गरिंग आणि मेक्सिकोच्या शर्यती रद्द झाल्या. स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदीच घातली. तरी हंगाम पुरा झाला. ऑक्टोबरात सिसिलीच्या डोंगरांत टार्गा फ्लोरिओला मर्सिडीजला पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक हवे होते. मॉस आणि कॉलिन्स पहिले आले, फँजिओ आणि क्लिंग दुसरे. अजिंक्यपद घेऊन मर्सिडीज रेसिंगमधून जी बाहेर पडली ती तीस वर्षं. दोन वर्षांनी मिल्ले मिलियात गुइदित्सोलो गावाजवळ दे पोर्तागोची फेरारी रस्त्याकडेच्या लोकांत घुसली आणि ती शर्यतही संपली. हमरस्त्यावरच्या शर्यती एकेक करून माळेतून गळत गेल्या आणि हंगाम बंदिस्त ट्रॅककडे सरकला. माझ्या मते हे व्हायलाच हवं होतं, आणि दोन वर्षं उशिरा झालं.

१९५८ पासून इंजिनावर ३ लिटरची मर्यादा आली. साठीच्या दशकात मर्यादा बदलत राहिल्या, जीटी गाड्यांना मुख्य मान मिळाला, मग फोर्डने ७ लिटरचं इंजिन आणून १९६६ ला ल माँचे पहिले तिन्ही क्रमांक घेतले. त्यावर पुन्हा मर्यादा. हा सगळा काळ सिनेमांमुळे लोकांना पाठ आहे, म्हणून मी एकाच प्रसंगाशी थांबतो. १९६८ च्या नियमांत ३ लिटरची सीमा होती, पण गाड्यांची ठरावीक संख्या बांधली तर ५ लिटर चालत. हेतू असा, की लहान टीमना जुन्या मोठ्या गाड्या पळवता याव्यात. पुढे ती संख्या ५० वरून २५ वर आली. पोर्शच्या फर्डिनांड पीएखने ती फट हेरली. एवढ्या गाड्या कोणी शर्यतीपुरत्या बांधेल असं नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एप्रिल १९६९ मध्ये तपासनीस आले तेव्हा कारखान्याच्या आवारात २५ पोर्श ९१७ एका ओळीत उभ्या होत्या. १९७० ला पोर्शने ल माँ पहिल्यांदा जिंकली. १९७१ ला मार्को आणि व्हान लेनेप यांनी तिथे ९१७ मधून ५,३३५ किलोमीटरचा विक्रम केला, जो २०१० पर्यंत टिकला. आणि १९७२ ला फट बुजवली गेली.

पुढच्या पानावर तेल येतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ ला अमेरिकेतले डेटोनाचे चोवीस तास आणि सेब्रिंगचे बारा तास, दोन्ही शर्यती झाल्याच नाहीत. १९७५ ला एसीओने ल माँसाठी स्वतःचा नियम काढला: दोनदा इंधन भरण्यामध्ये किमान वीस फेऱ्या झाल्या पाहिजेत. विसाच्या दशकातला जुना नियमच कपाटातून बाहेर काढल्यासारखा. या नियमापायी ल माँ त्या वर्षी जागतिक अजिंक्यपदाबाहेर पडली. हंगाम एकीकडे आणि त्याचं सर्वांत मोठं दैवत दुसरीकडे, असा प्रकार झाला. चुकलं कोण? मला तर एसीओचंच बरोबर वाटतं, कारण सात वर्षांनी सगळ्या हंगामाने तोच विचार उचलला.

तो विचार म्हणजे १९८२ चा ग्रुप सी. इंजिन किती लिटरचं, टर्बो आहे की नाही, सिलिंडर किती, कशालाच बंधन नाही. मुख्य बंधन एकच: १००० किलोमीटरला ६०० लिटर इंधन, टाकी १०० लिटरची. या साधेपणात मला खरी प्रतिभा दिसते. अभियंत्यांना सगळी मोकळीक होती, पण ताकदीची किंमत प्रत्येकाला इंधनात मोजावी लागे. ड्रायव्हरचं काम मात्र पार बदललं. महिनाअखेरीला तेलाची बरणी तिरकी करून किती उरलंय ते पाहणाऱ्या घरच्या माणसासारखं, ताशी साडेतीनशेच्या वेगात त्याला इंधनाच्या आकड्यावर नजर ठेवावी लागे. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक लावायच्या कितीतरी आधी पाय उचलायचा, गाडी नुसती घरंगळू द्यायची, टर्बोचा दाब उतरवायचा. पिटमधून खूण आली की लढत सोडून द्यायची आणि लिटर वाचवायचे.

अभियंता नॉर्बर्ट सिंगरची पोर्श ९५६ पहिल्यांदा उतरली त्या वर्षीच्या सिल्व्हरस्टोनच्या सहा तासांना. गाडी निर्विवाद चांगली, पण सहा तासांत अंतर हजार किलोमीटरच्या पुढे जाणार होतं आणि इंधन हजारापुरतंच होतं. पोर्शला हळू पळावं लागलं. जुन्या नियमांतली, इंधनाचं बंधन नसलेली लान्चिया जिंकली. महिन्याभराने ल माँला १, २ आणि ३ क्रमांकाच्या ९५६ नेमक्या त्याच क्रमाने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या. शिवाय पोर्शने ही गाडी विकायला काढली, आणि खाजगी टीम कारखान्याशी त्याच हत्याराने लढू लागल्या. योस्ट टीमची ११७ क्रमांकाची एकच चासी १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन्ही वर्षं ल माँ जिंकली. १९८४ ला इंधन आणखी कमी करायचं ठरलेलं असताना ते ऐनवेळी रद्द झालं, तेव्हा पोर्शच्या कारखाना-टीमने रागाने ल माँवर बहिष्कार टाकला. आम्हाला जास्त इंधन का दिलं, या कारणासाठी बहिष्कार! इतक्या गंभीरपणे हा हिशोब घेतला जात होता.

अमेरिकेत याच सुमारास वेगळा धडा गिरवला गेला. जॉन आणि पेगी बिशप यांनी १९६९ मध्ये उभारलेल्या आयएमएसए या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने जीटीपी वर्गात इंधन मोजलं नाही. त्यांनी इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे किमान वजनाचं कोष्टक लावलं: मोठं इंजिन, जड गाडी. प्रेक्षक पैसे मोजून गाड्या पळताना बघायला येतो, इंधन वाचवताना बघायला नाही, हा बिशप यांचा रोकडा हिशोब. आजचा बीओपी या घराण्यातला आहे. डब्ल्यूईसीच्या कोष्टकात फ्रान्सपेक्षा अमेरिकेचं रक्त जास्त आहे.

ऐंशीच्या दशकाअखेर ग्रुप सी भरात होता. जॅग्वार, मर्सिडीज, पोर्श, निसान, टोयोटा, माझदा. आणि नेमकं तेव्हाच ते मोडलं गेलं. १९८९ पासून हंगामातल्या बहुतेक शर्यती ४८० किलोमीटरच्या केल्या, टीव्हीवर बसाव्यात म्हणून. हक्कांवरून आणि ट्रॅकवरून भांडण होऊन १९८९ आणि १९९० ला ल माँ पुन्हा अजिंक्यपदाबाहेर. आणि पुढची पायरी म्हणून नियम आला, की सर्वांनी फॉर्म्युला वनसारखंच साडेतीन लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन वापरायचं. इंधनाचा हिशोब बंद. एका फटक्यात सगळे समान.

१९९१ ची ल माँ हा या निर्णयाचा उघडा पंचनामा होता. नव्या साडेतीन लिटरच्या गाड्यांना नियमानेच ग्रिडवरच्या पहिल्या दहा जागा दिल्या होत्या, मागच्या गाड्या वेगवान असूनही. जुन्या नियमांच्या गाड्यांना १००० किलोपर्यंत वजन चढवलं होतं. माझदाने मात्र आपल्या चार रोटर्सच्या रोटरी इंजिनासाठी आधीच बोलणी करून ८३० किलोची सवलत मिळवली होती, आणि तेव्हा त्या सवलतीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. नवी इंजिनं चोवीस तासांसाठी जन्मलीच नव्हती, मर्सिडीज आघाडीवर असताना तापली, आणि हिरव्या-नारिंगी माझदाने ३६२ फेऱ्या मारून जपानला पहिला विजय मिळवून दिला. शेवटच्या लांबलचक पाळीनंतर जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरला तो कोसळलाच. त्याचे दोन साथीदार त्याच्याविना पोडियमवर उभे राहिले. जॅग्वार आणि मर्सिडीज वर्षाअखेर निघून गेल्या. १९९२ ला हंगामातल्या काही शर्यतींना ग्रिडवर डझनभर गाड्या जमेनात. १९९३ चा हंगाम नोंदणीअभावी रद्द झाला. चाळीस वर्षं चाललेली माळ तुटली. सारखेपणा आला आणि खर्च इतका वाढला की खेळायला कोणी उरलं नाही.

ल माँ मात्र चालूच राहिली. हंगाम तिचा आधार कधी नव्हता. तीच हंगामाचा आधार होती. पुढची वीस वर्षं तिच्याभोवती तुकड्यांतुकड्यांनी पुन्हा बांधकाम झालं. युर्गेन बार्थ, पात्रिक पेतेर आणि स्तेफान राटेल यांच्या आद्याक्षरांची बीपीआर मालिका १९९४ ला जीटी गाड्या घेऊन निघाली. अमेरिकेत डॉन पॅनोझ यांनी एसीओची नियमावली आणली, १९९८ ला रोड अटलांटाला पेटिट ल माँ भरवली आणि १९९९ पासून अमेरिकन ल माँ सीरिज. मग ऑडीचं राज्य आलं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जिच्या गाड्या जोडल्या जातात तीच ऑडी. तिच्या आर-८ चा गिअरबॉक्ससकट मागचा अख्खा भाग पिटमध्ये काही मिनिटांत बदलता येई. २००६ ला आर-१० ने डिझेलवर ल माँ जिंकली, तिथली डिझेलची पहिलीच. २०११ ला ऑडी आणि प्यूजो यांच्यात चोवीस तासांनंतर अंतर होतं १३.८५४ सेकंद.

त्यानंतर एफआयए आणि एसीओ यांनी भांडण मिटवून २०१२ ला डब्ल्यूईसी सुरू केली. सुरू होण्याआधीच, जानेवारीत, प्यूजोने अंग काढून घेतलं. पहिली शर्यत १९५३ प्रमाणेच सेब्रिंगला झाली. त्याच वर्षी चेन्नईचा करुण चंढोक ल माँच्या चोवीस तासांत धावणारा पहिला भारतीय ठरला; ब्रॅबहॅम आणि डम्ब्रेक यांच्यासह त्याची गाडी सहावी आली. त्याआधी २००९ ला नारायण कार्तिकेयन पात्र ठरला होता, पण शर्यतीच्या तोंडावर खांदा दुखावल्याने त्याला गाडीत बसता आलं नाही.

२०१४ ला ग्रुप सीची कल्पना नव्या कपड्यांत परत आली. दर फेरीला किती मेगाज्यूल ऊर्जा खर्चायची ते ठरलेलं, बाकी इंजिन तुमचं. पोर्शने दोन लिटरचं टर्बो व्ही-४ आणलं, ऑडीने चार लिटरचं डिझेल, टोयोटाने टर्बो नसलेलं पेट्रोल व्ही-८, आणि तिघी एकमेकींच्या सेकंदा-दोन सेकंदांत. माझ्या आवडीचा काळ विचाराल तर हा. २०१६ च्या ल माँला टोयोटा, आता टर्बो इंजिनाची, आघाडीवर होती, शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि टर्बो व इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड निकामी झाला. काझुकी नाकाजिमाच्या गाडीची ताकद गेली. रेडिओवर तो तेच सांगत राहिला. गाडी आपल्याच पिटसमोर, रेषेजवळ थांबली आणि शेजारून पोर्श निघून गेली. कशीबशी शेवटची फेरी तिने पुरी केली, पण ठरलेल्या वेळेत नाही, म्हणून निकालात तिला क्रमांकच मिळाला नाही. 

या गाड्यांचा खर्चही आभाळाला भिडला होता. ऑडी २०१६ अखेर गेली, पोर्श २०१७ अखेर. मधली काही वर्षं टोयोटा जवळपास एकटी पळत होती. म्हणून २०२१ पासून हायपरकार आली: ताकद साधारण ५०० किलोवॉट, वजन किमान १०३० किलो, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर टॉर्क मोजणारे सेन्सर, आणि वर बीओपी. अमेरिकेच्या आयएमएसएबरोबर नियम जुळवले, त्यामुळे एकच गाडी डेटोनालाही पळते आणि ल माँलाही. ग्रिड भरली. १९२३ च्या चषकात लहान गाडीला कमी अंतर होतं, आज वेगवान गाडीला जास्त वजन आहे. आणि या हिशोबानेच आज कारखाने टिकून आहेत.

येणं-जाणं मात्र थांबलेलं नाही. २०२५ ला फेरारीने ल माँ सलग तिसऱ्यांदा जिंकली, या वेळी एएफ कोर्सेच्या पिवळ्या ८३ क्रमांकाच्या गाडीने, आणि कंपन्यांचं अजिंक्यपदही घेतलं. त्याच वर्षाअखेर पोर्शने डब्ल्यूईसीतला कारखान्याचा हायपरकार कार्यक्रम थांबवायचं ठरवलं. २०२६ ला जेनेसिस, २०२७ ला फोर्ड आणि मॅक्लॅरेन येणार असल्याचं जाहीर झालं आहे. मॅक्लॅरेन १९९५ ला ल माँ जिंकून गेली, पहिल्याच प्रयत्नात. तेव्हा जागतिक हंगाम अस्तित्वातच नव्हता. आता कंपनीला किमान दोन गाड्या उतरवाव्या लागतात, आणि त्या सगळ्या शर्यतींना.